जवळपास दोन महिने सूर्यच दिसत नाही अशा ठिकाणी हिवाळ्यात मन कसं रमवायचं?

नवऱ्याच्या नोकरीमुळे उत्तर नॉर्वेला जायचंय, काळोखाने वेड तर लागणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरची. ट्रॉम्सोत हा माझा सहावा हिवाळा. वेड लागत नाही. झोप मात्र भयंकर येते.

इथे साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. पण चोवीस तास मिट्ट काळोख असतो हा गैरसमज आहे. दुपारी सूर्य क्षितिजाच्या जरासाच खाली असतो, त्यामुळे अकरा ते एकच्या सुमारास आभाळ निळं होतं आणि खालचा बर्फही निळा. जास्त नीळ पडलेल्या धोतरासारखा. पहिल्या वर्षी हे दोन तास मी ऑफिसात मान खाली घालून घालवले. आता डबा साडेदहालाच उरकते आणि जेवणाच्या सुट्टीत चालायला जाते. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा, नाहीतर माकडहाड शेकत बसाल. कोटाला चमकणारी पट्टी अडकवा. थंडीचा बाऊ नको. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं.

माझी खरी चूक झाली ती दिव्यांत. आमच्याकडे उजेड म्हणजे ट्यूबलाइट. पहिल्या हिवाळ्यात छताचे सगळे दिवे मी दिवसभर जाळले. घर दवाखान्यासारखं दिसायला लागलं आणि खिडकीबाहेरचा काळोख आणखी काळा. मग एकदा शेजारच्या आजींनी कॉफीला बोलावलं. त्यांनी छताचा एकही दिवा लावला नव्हता. खिडकीत सात छोट्या दिव्यांची कमान, कोपऱ्यात दोन बुटके पिवळे दिवे, टेबलावर मेणबत्ती. पडदे सताड उघडे, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही थोडा उजेड. मला एकदम घरची दिवेलागण आठवली. आईने देवापाशी निरांजन लावल्याशिवाय घरातलं बटण दाबायची सोय नव्हती. इथे तिन्हीसांज दुपारी दीडला होते, एवढाच काय तो फरक. शनिवार-रविवारी मी दीडला दिवे लावते, शुभंकरोतीसकट. इतर दिवशी घरी पोचल्या पोचल्या.

बाकी, कॉड माशाच्या यकृताचं तेल रोज चमचाभर घ्या. महिन्याच्या नावात 'र' असेल तर ते घ्यायचं, असा इथला रिवाज आहे. वास घेऊ नका, गिळून टाका. सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसणं काहींना मानवतं. डोळ्यांचं दुखणं असेल तर आधी विचारून घ्या. आणि आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल तर सरळ डॉक्टरकडे जा, तिथे मेणबत्त्यांचा उपयोग नाही. ध्रुवीय प्रकाशाबद्दल, म्हणजे रात्री आभाळात दिसणाऱ्या रंगीत झोतांबद्दल, सगळे विचारतात. सुंदरच असतो, पण सगळा ढगांच्या मर्जीचा मामला. त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

हिशेबाने सूर्य 15 जानेवारीला परततो, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. पण गावाच्या दक्षिणेला डोंगर, त्यामुळे तो दिसतो 21 तारखेच्या सुमारास. त्या दिवशी बेकऱ्यांपुढे रांगा लागतात. जॅम भरलेले, तळून साखरेत घोळवलेले गोल पाव मिळतात, नाव 'सूलबोले', म्हणजे सूर्याचे पाव. आईने धाडलेला तिळगुळाचा डबा मी पहिल्या वर्षी 14 लाच उघडायला गेले, तर ती फोनवर म्हणाली, "सूर्याचा पत्ता नाही आणि कसली संक्रांत? थांब थोडी." तेव्हापासून डबा आठवडाभर कपाटात थांबतो. दोन वर्षांपूर्वी 21 ला ढग होते, 22 आणि 23 लाही. 24 ला दुपारी डोंगराच्या खाचेतून पाच-दहा मिनिटं तो दिसला आणि अख्खं ऑफिस कोट न घालता पार्किंगमध्ये धावलं. मी डबा घेऊन मागोमाग. 'गोड बोला'चं नॉर्वेजियन काही धड जमलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडात तीळ होते, बोलत कोणीच नव्हतं.