शंका-समाधान : ‘क्रॉसहेअर’मध्ये सापडणे

प्रश्न : ‘अमुक कंपनी सरकारच्या क्रॉसहेअरमध्ये’ असं इंग्रजी बातम्यांत वाचतो. मराठीत ‘निशाणा साधला’ म्हणावं का? स्वप्नील कुसाळे यांच्या रायफलीत क्रॉसहेअर असतात का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दुर्बिणीत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक उभ्या-आडव्या रेघा दिसतात, ते क्रॉसहेअर. १६४०च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम गॅस्कोइन यांनी दुर्बिणीत प्रतिमा पडते नेमकं तिथं धागे ताणले. पुढं कोळ्याचा धागा वापरात होता. आता रेघा काचेवरच कोरतात.

रेघा लक्ष्यावर आल्या म्हणजे नेम धरला, गोळी अजून सुटलेली नाही. आपली वर्तमानपत्रं ‘निशाणा साधला’ लिहितात ते टीका करून झाल्यावर, त्यामुळं ते इथं चुकतं. ‘रडारवर’ही कमी पडतं, त्यात नुसती नजर आहे. ‘कंपनी सरकारच्या निशाण्यावर आहे’ हे बरोबर. ‘क्रॉसफायर’ अगदी वेगळं : दोघांच्या गोळीबारात तिसरा सापडतो, त्याच्यावर कुणाचा नेम नसतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात दुर्बीण नियमानंच चालत नाही. मागं बारीक भोकाचा डायॉप्टर, पुढच्या नळीत कडं. लक्ष्याचा काळा गोल कड्यात मधोमध आणि भोवती सगळीकडं सारखी पांढरी पट्टी दिसली पाहिजे. कडं फार लहान घेतलं तर ती पट्टी उरत नाही, मध्य कळत नाही आणि नेमबाज ट्रिगर दाबायला कचरतो. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं!

प्रश्न : ऑटो लेव्हलमधून (जमिनीची उंची-सखलता मोजायच्या दुर्बिणीतून) बघताना डोळा हलवला की क्रॉसहेअरची आडवी रेघ स्टाफवर (समोर उभ्या धरलेल्या आकड्यांच्या पट्टीवर) सरकते. लेव्हल बिघडली का?
– पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, कागल

उत्तर : बहुतेक वेळा नाही. हा पॅरॅलॅक्स. स्टाफची प्रतिमा रेघांच्या पातळीत न पडता पुढं-मागं पडते, म्हणून असं होतं. आधी पुढच्या भिंगापुढं कोरा कागद धरा आणि रेघा काळ्या, रेखीव दिसेपर्यंत आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, फिरवा. मगच स्टाफवर रोखून फोकसचा नॉब फिरवा. मान किंचित वर-खाली करून पाहा. रेघ आकड्यावरून हलली नाही तरच रीडिंग लिहा. पुष्कळ जण थेट नॉबला हात घालतात, आकडे स्वच्छ दिसले की समाधान मानतात, आणि मग लेव्हलिंग का जुळत नाही हे शोधत बसतात. आयपीस ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणं लागतो, म्हणून जोडीदार बघायला आला की त्यानं पहिल्यापासून लावायचा. मधल्या रेघेच्या वरच्या-खालच्या आखूड रेघांच्या रीडिंगमधला फरक गुणिले १०० म्हणजे स्टाफपर्यंतचं अंतर. १.८५० आणि १.४२० आले तर ४३ मीटर. तिथं एका मिलिमीटरची चूक दहा सेंटिमीटरची होते.