कोणत्या वस्तू घेतल्याचा लोकांना नंतर पस्तावा होतो, आणि ते आधी ओळखता येतं का?

तुम्ही विचारलंय की लोक हौसेनं घेतात आणि मग पस्तावतात अशा वस्तू कोणत्या, आणि ते खरेदीआधीच कसं कळावं. मी घरगुती यंत्रं दुरुस्त करतो. त्यामुळे लोकांच्या वस्तू मला नव्याकोऱ्या दिसत नाहीत, हौस फिटल्यावर दिसतात.

मोडणाऱ्या वस्तूचा पस्तावा फार टिकत नाही. माणूस चिडतो, दुरुस्त करून घेतो किंवा दुसरी आणतो, विषय संपतो. खरा पस्तावा असतो तो न वापरता ठेवली तर बिघडत जाणाऱ्या वस्तूचा. रोज वापरली तर ती गुणी असते. पण घरात येते ती ‘कधीतरी लागेल’ म्हणून, आणि नेमकं हे ‘कधीतरी’ तिला सोसत नाही.

माझ्या मते यात पहिला नंबर घरच्या इंकजेट प्रिंटरचा. त्याच्या हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला, केसाहून बारीक छिद्रं असतात आणि त्यातून पातळ शाईचे थेंब कागदावर उडतात. प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहिला की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. मग एखादा अर्ज तातडीनं छापायचा असतो तेव्हा पानभर पांढऱ्या रेघा येतात. लोक क्लीनिंगचं बटण दाबतात, एकदा, परत एकदा. प्रत्येक वेळी हेडमधून शाई ओढून काढली जाते, म्हणजे छिद्रं मोकळी करायला शाईच खर्च होते. ती जाते प्रिंटरच्या तळाशी बसवलेल्या जाड, नमद्यासारख्या पॅडमध्ये. हा पॅड बाहेर काढला की काळा, निळा, किरमिजी असा सगळा लगदा झालेला असतो आणि हातमोज्यांशिवाय धरवत नाही. ज्या घरात क्वचितच छापलं जातं, तिथे विकत घेतलेल्या शाईचा मोठा वाटा कागदावर न जाता या पॅडमध्ये गेलेला असतो. पुढे पॅड भरला असा हिशेब प्रिंटरच्या आतल्या मोजणीनं केला की बरीच मॉडेलं छापणंच थांबवतात, मग बाकी यंत्र ठणठणीत का असेना.

त्यात भर म्हणजे काही मॉडेलं रंगीत कार्ट्रिज संपलं की साधं काळं पानही छापत नाहीत. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग हे धंद्याचं गणितच आहे, यंत्रावर सोडलेला नफा शाईतून वसूल होतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण ज्याला महिन्याला चार पानं लागतात त्यालाच हा सौदा सर्वांत महाग पडतो. अशा माणसानं लेझर प्रिंटर घ्यावा. त्यातला टोनर ही कोरडी पूड असते, ती वाळण्याचा प्रश्नच येत नाही. किंवा सरळ बाहेरून छापून आणावं.

दुसरा नंबर ट्रेडमिलचा. पट्टा आणि त्याखालची फळी यांच्यामध्ये ठरावीक काळानं सिलिकॉन तेल द्यावं लागतं, हे मी सांगेपर्यंत बहुतेकांना माहीतच नसतं. तेल सुकलं की घर्षण वाढतं, मोटरवर ताण येतो, पाय टेकला की पट्टा अडखळतो. जाहिरातीत मोटरची जी अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत असते ती बरेचदा क्षणभर गाठता येणारी कमाल असते. सलग किती मिळते तो आकडा वेगळा असतो आणि तोच बघायचा असतो. पण पस्ताव्याचं मूळ मोटरमध्ये नाही. ‘एवढे पैसे घातले की आपोआप वापरू’ हा जो हिशेब मनात असतो, तो चुकतो.

यावर आर्क्स आणि ब्लूमर या अभ्यासकांनी 1985 साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली, काहींना न मागता सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र हा फरक उरला नाही. मोजलेल्या पैशाचा रेटा काही काळ पुरतो आणि मग ओसरतो. महाग यंत्र घेऊन स्वतःला व्यायामाला बांधून घेऊ पाहणाऱ्यांची मशिनं माझ्याकडे येतात तेव्हा तेच दिसतं. पट्टा झिजलेला नसतो, नुसता कोरडा पडलेला असतो. जो आधीपासून रोज चालतो आणि फक्त पावसापाण्यात त्याचा खाडा होतो, त्यानं ट्रेडमिल घ्यावी, त्याला ती लाभते.

बॅटरीवर चालणारी ड्रिल, कॉर्डलेस व्हॅक्यूम वगैरेंचंही असंच. लिथियम-आयन बॅटरी पडून राहिली तरी म्हातारी होत जाते. पूर्ण चार्ज करून उष्ण जागी ठेवली तर आणखी लवकर. वर्षातून दोनदा भोकं पाडणाऱ्याला वायरवाली ड्रिल बरी, ती कपाटात कितीही दिवस राहिली तरी चालते. ज्यूसरबद्दल एकच सांगतो: त्याची जाळी हातात धरून बघा आणि ती लगेच, ब्रशनं, रोज घासायची तयारी आहे का ते ठरवा. चोथा एकदा वाळला की जाळी साफ होता होत नाही.

ज्या वस्तू कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात त्यांची तऱ्हा निराळी. रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, म्हणजे घरातले दिवे, कुलपं अशी उपकरणं एका जागेवरून चालवणारा डबा. तो बनवणारी कंपनी नेस्ट या घरगुती स्मार्ट उपकरणांच्या कंपनीनं विकत घेतली आणि 2016 साली त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातला धडधाकट हब त्या दिवसापासून निकामी झाला. अशी वस्तू घेताना इंटरनेट तोडलं तर ती काय काय करू शकते, एवढं विचारून घ्या.

आता आधी कसं ओळखायचं. दुकानात आपण दोन वस्तू शेजारी ठेवून सोयी मोजतो आणि जास्त सोयींची उचलतो. थॉम्पसन, हॅमिल्टन आणि रस्ट यांच्या 2005 सालच्या अभ्यासात हेच दिसलं: वापरण्याआधी लोक जास्त सोयींच्या वस्तूकडे ओढले गेले, पण वापरल्यावर तिच्या किचकटपणानं त्यांचं समाधान कमी झालं. म्हणून सोयींची यादी बाजूला ठेवा आणि ज्या महिन्यात तुम्ही ती वस्तू सर्वांत कमी वापराल तो महिना डोळ्यांपुढे आणा. त्या महिन्यात ती काय मागेल? शाई, तेल, चार्जिंग, की फक्त कोपऱ्यातली जागा? फक्त जागा मागत असेल तर धोका कमी.

दुसरं, जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळा. एखादी वस्तू ‘जवळजवळ न वापरलेली’ म्हणून ढिगानं विकायला असेल तर ती का विकतायत हे समजून घ्या. नव्या वस्तूखालच्या कौतुकाच्या प्रतिक्रिया बरेचदा पहिल्या काही दिवसांतल्या असतात, वर्षभरानं लिहिलेल्या शोधून वाचा. आणि शक्य असेल तर आधी कोणाकडून तरी वापरायला मागून आणा. मागून आणलेली वस्तूही पडूनच राहिली तर उत्तर मिळालं.

घेऊन बसला असाल तर विकायचा निर्णय लांबवू नका. ‘एवढे पैसे गेलेत, असू दे’ म्हणून ठेवलेली वस्तू माझ्याकडे येते तेव्हा शाई वाळलेली, बॅटरी बसलेली आणि सुटे भाग मिळेनासे झालेले असतात. चालू आहे तोवर तिला गिऱ्हाईक आहे. तुम्ही नेमकं काय घ्यायचं म्हणताय आणि किती वापर होईल, ते खाली लिहा, त्या वस्तूपुरतं नीट सांगतो.