किनाऱ्याजवळ वर आलेलं थंड, पोषक पाणी शेकडो किलोमीटर आत समुद्रात कसं पोहोचतं?

मुख्यतः ‘फिलामेंट’ नावाच्या अरुंद, वेगवान प्रवाहांमुळे. वारा एकटा ते पाणी इतक्या दूर नेत नाही. वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे वरच्या काही दहा मीटर थरातलं पाणी एकूणात वाऱ्याच्या काटकोनात सरकतं: उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. ते किनाऱ्यापासून दूर गेलं की रिकामी जागा भरायला साधारण १०० ते २०० मीटर खोलीवरचं नायट्रेटयुक्त (नायट्रेट हे एक पोषकद्रव्य) पाणी वर येतं. थंड आणि उबदार पाण्याच्या सीमेवर किनाऱ्यालगत जोरदार प्रवाह तयार होतो. तो भूशिरापाशी वळून किनारा सोडतो, किंवा बाहेरचे भोवरे त्याला ओढून नेतात; हाच फिलामेंट. कॅलिफोर्नियात पॉइंट अरेना या भूशिरापाशी उपग्रहाच्या तापमान-चित्रात अशी थंड जीभ स्पष्ट दिसते: रुंदी काही दहा किलोमीटर, लांबी कधी २०० किलोमीटरहून जास्त.

मात्र थंड जीभ दिसली म्हणजे तिच्या टोकापर्यंत पोषकद्रव्यं असतीलच असं नाही. वाटेत वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म, वनस्पतींसारखे जीव) ती वापरतात, शिवाय हे जड पाणी हलक्या पाण्याखाली सरकून प्रकाशाच्या थराखालीही जातं.