पहिली रायफल घेताना

पेनसिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणासाठी पहिली रायफल घेतोयस, तर .३०-०६ या जोरदार काडतुसाच्या मोहात पडू नकोस. काडतूस उत्तमच, १९०६ पासून चालत आलंय. पण गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या त्याच्या धक्क्याच्या धास्तीने नवखा माणूस ट्रिगर ओढतानाच डोळे मिटतो. मग गोळी पोटात बसते आणि जनावर तासन्‌तास तडफडतं. ते मला बघवत नाही.

त्यापेक्षा कमी धक्क्याच्या .२४३ विंचेस्टर काडतुसाची रायफल घे, बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी मागेपुढे करायची. गोळी मात्र हरणासाठीचीच, १०० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची; हलक्या गोळ्या बारीक जनावरांसाठी असतात. दुकानात रायफल खांद्याला लाव, गाल दस्त्यावर टेकव: मान न ताणता डोळा दुर्बिणीच्या मध्यावर यायला हवा. नाही आला, तर दुसरी बघ. हंटर एज्युकेशनचा कोर्स आधी कर, त्याशिवाय पहिलं लायसन्स मिळत नाही. उरलेले पैसे काडतुसांवर घाल आणि हंगामाआधी रेंजवर बसून, गुडघ्यावर, उभ्याने, सगळ्या तऱ्हांनी नेम धरून बघ.