बायकोला मझलोडरने (ठासणीच्या बंदुकीने) शिकार शिकवायची आहे. धक्का कमी बसावा म्हणून बारूद किती आणि गोळी कोणती?

तुम्ही लिहिलंय की बंदूक ५० कॅलिबरची आहे, बायकोला या हंगामात पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला न्यायचंय, पण रेंजवर एकदा खांदा दुखावल्यापासून ती बंदूक हातात घ्यायला तयार नाही. तिला झेपेल आणि हरणालाही पुरेल असा लोड तुम्हाला हवाय.

७० ग्रेन (बारूद आणि गोळी मोजायचं माप) काळी बारूद, पॅचमध्ये म्हणजे कापडाच्या तुकड्यात बसवलेली .४९० इंची शिशाची गोल गोळी आणि साठ यार्डांच्या आतलं हरीण. सराव ४० ग्रेनपासून सुरू करायचा, तोही कागदावर. इनलाइन, म्हणजे आधुनिक घडणीची मझलोडर असेल तर तितकीच सुटी बारूद आणि सॅबोतली, म्हणजे प्लास्टिकच्या टोपणातली २४०-२५० ग्रेनची गोळी, त्याहून जड नको. ३८५ ग्रेनच्या कॉनिकलकडे, म्हणजे लांबट शिशाच्या गोळीकडे, तर बघूही नका.

हे ऐकून तुमच्या ओळखीतलं कोणीतरी हसणार. मला हसलेला माणूस आमच्याच घरी जेवायला यायचा.

नवऱ्याचा मित्र, इकडे अमेरिकेत बरीच वर्षं शिकार करणारा. मी शिकायचं म्हटल्यावर हौसेने स्वतःची इनलाइन घेऊन आला. साडेसहा पौंडांची हलकी बंदूक, वर दुर्बीण. त्यात त्याने दाबून घट्ट केलेल्या बारुदीच्या ५०-५० ग्रेनच्या तीन वड्या टाकल्या, वर ३०० ग्रेनची गोळी ठासली आणि मला बाकावर बसवलं. "हरीण पाडायचं तर एवढं लागतंच वहिनी." चाप ओढला आणि दुर्बिणीची कड भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं, खांदा पुढे कित्येक दिवस काळानिळा होता. समोरच्या बर्फावर काळे कण सांडलेले दिसत होते. म्हणजे तिसरी वडी धड जळलीही नव्हती, तिचा उपयोग फक्त मला मारायला झाला होता. तो हसला, आणि मी तिथेच उभी असताना नवऱ्याला म्हणाला, "यांना क्रॉसबो घेऊन दे, हे यांचं काम नाही."

नवरा काही बोलला नाही. त्याबद्दल आमचं घरी जे व्हायचं ते झालं.

वाईट वाटलं ते भुवईचं नाही. सगळे आकडे त्याने निवडले होते आणि निकाल मात्र माझ्यावर लावला. धक्का कशाने बसतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. गोळीचं वजन, तिचा वेग, आणि बारूदही, कारण तिचा वायू होऊन तोही नळीतून पुढेच जातो, त्याचंही वजन धरावं लागतं. उलट बाजूला असतं फक्त बंदुकीचं वजन. तोच लोड नऊ पौंडांच्या बंदुकीत घातला तर साडेसहा पौंडांच्या तुलनेत धक्क्याची ऊर्जा पाव हिश्श्याहून जास्त उतरते. बायकांसाठी म्हणून हलकी, आखूड बंदूक विकत आणणारे नवरे मी बघितलेत. ती उचलायला हलकी असते, पण उडवायला सगळ्यात वाईट.

मला शिकवलं आमच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. चकमकीच्या बंदुकीशिवाय दुसरी बंदूक ते वापरत नाहीत. पेन्सिल्व्हेनियात नाताळनंतर फक्त चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो, १९७४ पासून, आणि त्यात दुर्बीण चालत नाही. त्यांनी सुरुवातीला बारूद दिलीच नाही. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा आवळला आणि म्हणाले, चाप ओढ, घोडा पडल्यावरही नळीच्या टोकावरच्या माशीवरून नजर काढू नकोस. घरी भिंतीवर एक ठिपका काढून मी तेच करत राहिले. मग नुसती रंजक, म्हणजे नळीबाहेरच्या पात्रातली चिमूटभर बारूद, नळी रिकामी. पात्रात भडका उडतो, गालाला ऊब लागते आणि बाकी काही होत नाही, हे डोळ्यांना पटेपर्यंत तेच. खरा बार त्यानंतर, ४० ग्रेनचा.

बाकावर बसायचं नाही, उभं राहायचं. बाकावर माणूस पुढे झुकलेला असतो, खांद्याला मागे जायला जागाच उरत नाही. आणि हॉकेन या जुन्या धाटणीच्या बंदुकीच्या दस्त्याला मागून चंद्रकोरीसारखा खोलगट आकार असतो, तो खांद्याच्या खळग्यात धरायचा नाही. त्याची दोन टोकं तिथे रुततात. तो खांद्याच्या बाहेर, दंडावर बसवायचा. एवढं एक कळलं की अर्धी तक्रार संपते. तुमच्या बायकोच्या बंदुकीचा दस्ता असा असेल तर बारूद कमी करण्याआधी हे बघा. दस्ता तिच्या हाताला लांब पडत नाही ना, तेही जाड कोट घालूनच तपासा, कारण शिकारीला ती कोटातच असणार. कानात बोळे घालून वर मफ लावायचे, दोन्ही. पुष्कळ जणांना खांद्यापेक्षा आवाजच दचकवतो.

पहिली मादी मी जानेवारीत पाडली, ७० ग्रेनवर, चाळीसेक पावलांवरून. ती डोंगराच्या सोंडेवरून उतरत आली आणि आडवी थांबली. धुरामुळे पुढचं काही दिसलं नाही. धूर विरल्यावर बर्फात रक्ताचा रुंद पट्टा दिसला आणि थोड्या अंतरावर ती पडलेली. सोलताना गोळी पलीकडच्या कातड्याखाली सापडली, चपटी, जुन्या रुपयाएवढी. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. धक्का बसल्याचं मला आठवतही नाही.

मित्राला हे कळलं तेव्हा म्हणाला, "नशीब." नशीब कसलं? गोल गोळी जवळून चांगलं काम करते आणि लांबून करत नाही. पहिल्या शंभर यार्डांत तिचा एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त वेग जातो. म्हणून मी लांबच्या हरणावर बार टाकत नाही, आणि तुमच्या बायकोनेही टाकू नये. १५० ग्रेन घालून दीडशे यार्डांवर दचकत मारण्यापेक्षा ७० ग्रेन घालून पन्नासवर न दचकता मारलेलं केव्हाही चांगलं. दचकून मारलेली गोळी पोटात लागते आणि ते जनावर रात्रभर तडफडतं. ताकद कमी पडल्यामुळे जितकी हरणं जखमी होऊन सुटतात त्याहून जास्त नेम हलल्यामुळे सुटतात, असं माझं ठाम मत आहे.

वड्या वापरू नका. ५० च्या पायऱ्यांनीच चढ-उतार करावी लागते. ३० च्याही मिळतात, पण सुट्या बारुदीत पाच-पाच ग्रेनने बदलता येतं, ते वड्यांत नाही. ट्रिपल सेव्हन ही काळ्या बारुदीची पर्यायी पूड घेतलीत तर माप १५ टक्क्यांनी कमी धरा, ती काळ्या बारुदीपेक्षा जोरकस आहे. पॅच .०१५ इंच जाडीचा, गादीच्या खोळीच्या कापडाचा, तेल किंवा चरबी लावलेला. दर बारानंतर ओला पॅच फिरवून नळी पुसा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या गोळीला ठासायच्या गजावर अंगाचा भार टाकावा लागतो आणि नवशिका तिथेच वैतागतो.

कोणती बंदूक विकत घ्यावी हेही तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर तिच्या हातात आठ-नऊ पौंडांच्या चार बंदुका देऊन तीच काढेल.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कमी लोड म्हणजे गोळी अर्धवट ठासली तरी चालेल असं नाही. ती बारुदीवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. गजावर खूण करून ठेवा. बारूद मापानेच घाला, थेट बारुदीच्या शिंगातून किंवा डब्यातून नळीत कधीच ओतू नका, आत ठिणगी शिल्लक असेल तर अख्खा डबा हातात फुटेल. आमच्या राजापूरच्या घरी राखणीला परवान्याची ठासणीची बंदूक होती, पण बारूद बांबूच्या ठरलेल्या नळीने मोजल्याशिवाय वडिलांनी कधी बार भरला नाही. बिनधुराची (हल्लीच्या काडतुसांतली) बारूद साध्या मझलोडरमध्ये एक चिमूटही नको. बार उडाला नाही तर तोंड निशाण्याकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबा.

राज्याचे नियम वाचा. कोलोरॅडोत मझलोडरच्या हंगामात वड्याही चालत नाहीत आणि सॅबोही. तुमच्याकडे काय चालतं ते बघून मगच गोळी घ्या. आणि हे भारतात कोणी वाचत असेल तर तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. मी लिहिलंय ते इकडच्या परवान्याच्या शिकारीबद्दल.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. ४० वरून ५०, ५० वरून ६० कधी जायचं ते तिला ठरवू द्या. ती ६० वरच थांबली तर ६० ग्रेनसुद्धा पन्नास यार्डांवर हरणाला पुरतात, फक्त हरीण आणखी जवळ येऊ द्यायचं. आणि पहिल्या दिवशी रेंजवर तुमच्या मित्रांपैकी कोणालाही बोलावू नका.