पंपाच्या डेटाची वाट बघू नका, मॉडेल शून्य आरपीएमपासून उभं करा

दारव्ह्याच्या भाऊ, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. द्रवइंधन रॉकेट इंजिन सुरू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद तुम्ही मॉडेल करताय, रन पहिल्याच पायरीला ‘नॅन’ (म्हणजे उत्तर आकडाच नाही) देऊन बंद पडते, आणि पंपाचे कर्व्ह (किती प्रवाहाला पंप किती दाब देतो त्याचे आलेख) मिळावेत म्हणून एका कार्यालयाला पत्र देऊन बसलात. एम.टेक.ला मीही नेमका इथंच अडकलो होतो. गॅस जनरेटर सायकल (थोडं इंधन वेगळं जाळून त्या वायूवर पंप फिरवायची पद्धत), ज्वलनाचं गणित वगैरे येतं असं धरतो.

आधी कार्यालयाचं. आमच्या वेळचं कोणतं ते सांगत नाही. विभागप्रमुखांचं पत्र आणा म्हणाले. आणलं, तर प्राचार्यांचा शिक्का हवा. शिक्का मारून नेला, तोवर टेबल बदललेलं. नवे साहेब म्हणाले, फाइल माझ्याकडे आलीच नाही. गावाहून पहाटेची एसटी धरायची आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परतायचं. शेवटी एका ओळीचं उत्तर: माहिती देता येत नाही. देता येत नसेल, त्याला कारणं असतील. पण हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझं अख्खं सत्र वाचलं असतं. याचा राग अजून आहे.

शिवाय तो कर्व्ह मिळूनही भागलं नसतं. तो ठरलेल्या गतीच्या आसपासचा असतो. सुरुवातीला पंप थांबलेला असतो, टाकीच्या दाबानं द्रव त्यातून ढकलला जातो, म्हणजे पंप तेव्हा नुसता अडथळा. तुम्ही हेडला (पंप द्रवाला देतो तो दाब, उंचीत मोजलेला) गतीच्या वर्गानं भागताय. गती शून्य, म्हणून ‘नॅन’. पंपाचा कर्व्ह मांडायची सूटर पद्धत घ्या: हेड भागिले (गतीचा वर्ग अधिक प्रवाहाचा वर्ग), सगळं ठरलेल्या मूल्यांशी गुणोत्तरांत, आणि गती-प्रवाहाचा कोन ‘एटॅन२’नं काढा, साध्या आर्कटॅननं नको. असे चारही क्वाड्रंटचे (गती आणि प्रवाह सुलटे-उलटे असे चारही प्रकार) तक्ते वॉटर हॅमरच्या, म्हणजे पाइपातल्या दाबाच्या धक्क्याच्या, पुस्तकांत छापलेले आहेत. तुमच्या पंपाच्या जवळचा स्पेसिफिक स्पीड (गती, प्रवाह आणि हेडवरून पंपाचा प्रकार सांगणारा आकडा) निवडा, थोडं वरखाली करून निकाल किती हलतो ते बघा, आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा.

समीकरणं सोडवायला मॅटलॅबचं ‘ओडीई४५’ सोडा, ‘ओडीई१५एस’ घ्या; खूप झटपट आणि सावकाश बदल एकत्र असले की तेच टिकतं. पायथॉन असेल तर ‘रडाऊ’. इंजेक्टरमागची (इंधन ज्वलनकक्षात फवारणाऱ्या भागामागची) पोकळी भरण्याला स्वतंत्र समीकरण द्या. ती भरते त्या क्षणी प्रवाह अडतो आणि दाब उसळतो.

माझं ठाम मत, आधी वावरातल्या मोटरीचं मॉडेल करा. रिकाम्या पाइपलाइनवर मोटर टाकली की आधी हवा फुसफुसते, मग पाणी बेंडवर धडकतं आणि पाइप हलतो. तोंडाशी पाणी यायला लागलेला वेळ मोबाइलवर मोजा. तो जुळत नसेल तर रॉकेटच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. पोलादी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी एकदम अडलं तर दाब सुमारे १२ बार वाढतो. पीव्हीसीत बराच कमी.

बूस्टर पंप (मुख्य पंपाआधी दाब थोडा वाढवणारा छोटा पंप) असेल तर त्याच्या गतीचं समीकरण वेगळंच ठेवा. १५ एप्रिल २०१० च्या इस्रोच्या जीएसएलव्ही-डी३ उड्डाणात क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचं) इंजिन पेटलं होतं, पण इंधनाचा बूस्टर टर्बोपंप थांबला आणि यान गेलं. मुख्य पंपात मिसळून टाकलेला बूस्टर असं काही दाखवूच शकत नाही.

माझा अनुभव साध्या तापमानाच्या इंधनांचा. क्रायोजेनिकमध्ये पाइप थंड होताना द्रव उकळतो, तिथं माझा शब्द शेवटचा मानू नका.

आणि हो, लाईन कधीही जाते, म्हणून दर काही पायऱ्यांनी स्टेट फाइलमध्ये सेव्ह करा.

स्पेसिफिक स्पीड किती धरलाय आणि व्हॉल्व्ह किती वेळात उघडता ते इथं टाका, बघतो.