डरहॅमला शिकायला गेल्यावर किल्ल्यात राहायला मिळतं, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचं युनिव्हर्सिटी कॉलेज किल्ल्यातच आहे. तिथे कॉलेज म्हणजे वर्ग भरण्याची जागा नव्हे, विद्यार्थ्यांची राहण्या-जेवण्याची जागा. किल्ल्याचं बांधकाम 1072 मध्ये सुरू झालं, विद्यापीठ 1832 चं. शेजारच्या कॅथेड्रलसह 1986 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

पण लगेच हुरळून जाऊ नका. कॉलेज मिळालं म्हणजे खोली किल्ल्यातच मिळेल असं नाही. बऱ्याच मुलांना आसपासच्या इमारतींत जागा मिळते. टेकाडावरचा अष्टकोनी बुरूज, ज्याला तिथे ‘कीप’ म्हणतात, त्यात खोल्या आहेत. तो पडायला आला होता, म्हणून 1840 च्या सुमारास खास विद्यार्थ्यांसाठी पुन्हा उभारला. म्हणजे जुन्यातला जुना भाग तो नव्हेच! खरं जुनं पाहायचं तर खाली नॉर्मन चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे, अकराव्या शतकातलं. बुटके खांब, त्यांवर कोरलेली चित्रं. माझ्या मते अख्ख्या किल्ल्यात बघण्यासारखी जागा ती.

जेवण मेसचं, तेही भव्य ग्रेट हॉलमध्ये. रोज फोडणी घालून वरणभात करायचा बेत असेल तर स्वयंपाकघर असलेलं दुसरं कॉलेज बघा. बाथरूम सामायिक असण्याची तयारी ठेवा, जिने चढायची सवय करा. भिंतीत खिळा ठोकायचं तर नावच काढू नका. अंगणातून पर्यटकांचे गट फिरतात. गाइड बऱ्याचदा विद्यार्थीच असतात.

अर्ज भरताना कॉलेजची पसंती देता येते. कोर्स मात्र आधी ठरवा, किल्ला नंतर.